ज्याने घात केला त्याला क्षमा कशी करायची: एकेक पायरी

हा लेख कोणासाठी आहे ते आधी सांगते. कोणी टोमणा मारला, कोणी लग्नाची पत्रिका द्यायला विसरलं, असल्या गोष्टी चार दिवसांत विरतात, त्यासाठी पायऱ्या लागत नाहीत. ज्यांचा आपल्याच माणसाने घात केला, मग तो नवरा असो, भाऊ असो, भागीदार असो की मंडळीतली (म्हणजे चर्चमधली) वडीलधारी व्यक्ती, आणि रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' या ओळीपाशी ज्यांचा आवाज बंद होतो, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. नव्याने ख्रिस्ती विश्वासात आलेल्यांची तर फारच ओढाताण होते. 'क्षमा करा' हे त्यांना पहिल्या महिन्यातच ऐकवलं जातं, कशी करायची हे मात्र कोणी बसवून सांगत नाही.

माझं थोडक्यात असं. मिस्टर गेले तेव्हा मुलं शाळेत होती. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं आणि माझ्या दिराचं मिळून वर्कशॉप होतं. वर्ष भरायच्या आत दिराने माझी खोटी सही करून लेथ विकल्या, आणि वर चर्चच्या अंगणात सांगितलं, "वयनीनं पैसं म्हायेराला लावलं." पैसा गेला त्याचं दुःख होतंच. पण नाव गेलं ते जास्त झोंबलं, कारण आपली कोल्हापूरची मंडळी केवढी, तुम्हाला ठाऊक आहे. १८५२ मध्ये मिशनरी रॉयल वायल्डर इथे आले तेव्हापासूनची मुळं, पुढे पिढ्यान्‌पिढ्या आपसातच सोयरिकी. कोणाला टाळायचं म्हटलं तरी रविवारी तो दोन बाकं सोडून बसलेला असतोच. 'दूर जा आणि विसर' हा सल्ला मुंबईत चालत असेल, इथे चालत नाही.

लागणारं साहित्य

- कागदाची वही. मोबाईलमध्ये लिहू नका, घरातल्यांच्या हाती लागतो. वही कुलपात ठेवा.
- बायबल. खुणा घालून ठेवायच्या जागा: मत्तय १८, लूक १७, स्तोत्र १३ आणि ५५, उत्पत्ती ३७ ते ५०, १ शमुवेल २४, रोमकरांस १२.
- एक माणूस, एकच. जो ऐकून घेईल, उपदेशाची घाई करणार नाही आणि ज्याच्या पोटात गोष्ट राहील. पाळक (पास्टर) असला तर उत्तम, पण पाळकच हवा असं नाही. ज्याने दुखावलं त्याचा नातेवाईक नको.
- पैसा, घर, जमीन किंवा मारहाण यांचा संबंध असेल तर कागदांची वेगळी फाईल. तिच्याबद्दल सातव्या पायरीत.

१. आधी सुरक्षित व्हा

मार अजून चालू असेल, धमक्या येत असतील, तर बाकीच्या पायऱ्या बाजूला ठेवा. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात संरक्षणाचा आदेश मिळतो आणि राहत्या घरात राहण्याचा हक्कही. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हा आहे. ते प्रकरण वडीलमंडळींच्या बैठकीत मिटवण्याचा अधिकार कोणालाही नाही, कितीही प्रार्थना करून बैठक सुरू केली तरी.

"ख्रिस्ती बाईने सहन करावं" असं म्हणणारे भेटतील. त्यांना सांगा, लोकांनी धोंडे उचलले तेव्हा येशू मंदिरातून निघून गेला (योहान ८:५९). शौल राजाने भाला फेकला तेव्हा दावीद उभा राहिला नाही, पळाला.

२. क्षमेच्या नावाखाली काय काय खपवलं जातं ते ओळखा

आपल्याकडे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "झालं गेलं गंगेला मिळालं." म्हणणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो, त्याला घरात शांतता हवी असते. पण हे क्षमेचं वाक्य नव्हे. यात काय झालं तेच पुसून टाकायचं असतं.

दुसरं म्हणजे समर्थन. "त्याचीही परिस्थिती तशी होती, कर्ज होतं." असेल. परिस्थितीमुळे दोष उरतच नसेल तर क्षमेची गरजच नाही, समजून घेणं पुरे. दोष उरतो तिथूनच क्षमेचं काम सुरू होतं. तिसरं, विश्वास. क्षमा केली म्हणजे पुन्हा चाव्या हातात द्यायच्या, असा अर्थ लावणारे पुष्कळ असतात आणि त्यांतल्या काहींचा चाव्यांवर डोळा असतो.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दाखला नीट वाचा, आकड्यांसकट. राजाच्या चाकराचं देणं दहा हजार तलांत. एक तलांत म्हणजे सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. सगळं मिळून सहा कोटी दिवसांची मजुरी होते. राजाने ती सोडली. त्या चाकराचं सोबत्याकडे येणं होतं शंभर दिनार. आपण प्रवचनात ऐकतो की ते शंभर दिनार किरकोळ होते. राजाच्या रकमेपुढे ते किरकोळच. पण आठवड्याचा एक दिवस सुटीचा धरला तर शंभर दिनार म्हणजे जवळजवळ चार महिन्यांची कमाई. चार महिने घरात पगार आला नाही तर काय होतं ते मला माहीत आहे. 'तुझं काहीच येणं नव्हतं' असं येशू म्हणत नाही. येणं होतं, खरं होतं आणि ते सोडायला सांगितलं आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी यावरच उभ्या केल्या आहेत: आधी हिशेब पूर्ण मांडायचा, मगच तो सोडता येतो.

३. हिशेब मांडा

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे काय केलं, उजवीकडे त्याने माझं काय गेलं. शिव्या आणि विशेषणं लिहायची नाहीत. 'नालायक माणूस' ही नोंद होत नाही. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

डावीकडे: 'विक्रीच्या कागदावर माझी सही, मी केलेली नाही.' उजवीकडे: 'मशीनचे पैसे. थोरल्याच्या क्लासची फी राहिली, त्याला सरांनी वर्गाबाहेर उभं केलं.' डावीकडे: 'नाताळच्या आठवड्यात अंगणात म्हायेराला पैसे लावल्याचं सांगितलं.' उजवीकडे: 'महिला मंडळाचा हिशेब माझ्याकडून काढून घेतला. आईला कळलं, तिने जेवण टाकलं.'

फी आणि आईचं जेवण हे मला लिहायला बसेपर्यंत त्या खोट्या सहीशी जोडलेलं दिसलंच नव्हतं. मनात नुसता एक मोठा गोळा होता. त्या गोळ्याला क्षमा करता येत नाही. नोंद झाली की ती सोडता येते. एका बैठकीत सगळं लिहून होत नाही. जमेल तेवढं लिहा, वही मिटा, चहा करा.

इथे दोन सूचना. पहिली, दुसऱ्याचं देणं तुमच्या पानावर घेऊ नका. माझ्या मुलांचं जे नुकसान झालं ते मुलांचं येणं आहे. ते सोडायचं की नाही, कधी सोडायचं, हे मोठी होऊन ती ठरवतील. आई म्हणून मला झालेला त्रास तेवढा माझा. "मुलांच्या वतीनेही क्षमा करून टाका" असं मला एका प्रार्थना सभेत सांगितलं गेलं. मी नाही म्हटलं आणि आजही तेच म्हणते.

दुसरी, भांडणात आपला स्वतःचा वाटा असेल तर तो वेगळ्या पानावर लिहा आणि त्याची क्षमा वेगळी मागा. दोन्ही एका पानावर आले की 'त्याचंही चुकलं, माझंही चुकलं' म्हणून दोन्ही हिशेब अर्धवट राहतात. मात्र ज्यांच्यावर अत्याचार झाला, ज्यांनी मार खाल्ला, त्यांनी हे दुसरं पान काढायचंच नाही. मारणाऱ्याने ते आधीच तुमच्या डोक्यात भरपूर लिहून ठेवलेलं असतं.

४. देवापुढे तक्रार करा

हिशेब मांडला की राग येतो, पहिल्यापेक्षा जास्त येतो. घाबरू नका. बायबलमध्ये रागाला जागा आहे. इफिसकरांस पत्रात 'रागवा, पण पाप करू नका' असाच क्रम आहे. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं म्हणजे सरळसरळ गाऱ्हाणी आहेत. पंचावन्नावं घ्या. शत्रूने निंदा केली असती तर सोसलं असतं, पण तू तर माझा सोबती, आपण बरोबर देवाच्या घरी जात होतो, असं स्तोत्रकर्ता म्हणतो. मंडळीतल्या माणसाने दुखावलेल्याला याहून जवळचं काही सापडणार नाही. एकशे नवव्या स्तोत्रात तर शत्रूला असे शाप आहेत की उपासनेत ते सहसा वाचत नाहीत. ते पुस्तकात ठेवलं आहे याचा अर्थ मी असा घेते की असला राग देवापुढे ओतायला मनाई नाही. शेजारणीपुढे ओतला तर त्याची बातमी होते.

मोठ्याने वाचा. घरात जमत नसेल तर बाहेर पडा. मी पहाटे रंकाळ्यावर जायची. तिथे त्या वेळी एकटी बोलत चाललेली बाई दिसली तरी कोणी वळून बघत नाही, सगळे फोनवर असतात असं धरून चालतात. किती दिवस हे करायचं? तक्रारीचे शब्द संपेपर्यंत. ते संपतात.

५. सोडा, एकेक नोंद

आता मुख्य काम. ठरवलेल्या माणसाला सोबत घ्या, वही उघडा आणि एकेका नोंदीवर बोट ठेवून मोठ्याने म्हणा. शब्द साधे असू देत. मी म्हणत असे:

'देवा, भावजींनी माझी खोटी सही केली. ते पाप होतं. त्याने माझं हे हे गेलं. याची भरपाई मी त्यांच्या जिवाकडून मागणार नाही, सूड माझ्या हातात ठेवणार नाही. तू माझं सोडलंस, मी हे सोडते. न्याय तुझ्याकडे.'

मग नोंदीपुढे 'सोडलं' लिहा आणि तारीख घाला. पुढे ही तारीख लागणार आहे.

"पण मला तसं वाटत नाही" हा प्रश्न सगळ्यांचा. वाटण्याची वाट बघत बसलात तर वर्षं जातील. कर्ज सोडणारा सावकार त्या दिवशी आनंदात असतो असं थोडंच आहे? तो कागदावर सही करतो आणि त्या क्षणी कर्ज सुटतं. मन मागून येतं, कधी फार मागून येतं. वधस्तंभावर 'हे बापा, त्यांना क्षमा कर' म्हटलं गेलं तेव्हा खिळे अंगात होते, वेदना थांबलेली नव्हती. उत्तम शुक्रवारच्या उपासनेत सात उद्गारांतला हा पहिलाच उद्गार असतो. बऱ्याच जणांना त्या दिवशी ही पायरी सुरू करणं सोपं जातं.

सगळ्या नोंदी एकाच दिवशी सुटत नाहीत. काही सोडा, काही राहू देत. राहिलेल्या नोंदीपुढे 'अजून नाही' लिहा. खोटं 'सोडलं' लिहू नका, देवाला वही दिसते.

मत्तय ६:१५ बद्दल बोलायलाच हवं, कारण ते वचन फार लोकांच्या डोक्यात मारलं जातं: तुम्ही क्षमा केली नाही तर तुमचा पिताही करणार नाही. वचन खरं आहे आणि जड आहे, मी ते हलकं करणार नाही. पण दाखल्यातला दोषी चाकर कोण होता ते बघा. त्याने सोबत्याचा गळा धरला होता आणि सोडायला तो तयारच नव्हता. तुम्ही रडत रडत 'अजून नाही' लिहिता आहात आणि तरीही वही उघडून बसला आहात, तर तुमचा हात गळ्यावर नाही. जखमेवर टाके घातले त्याच आठवड्यात कोणी हे वचन ऐकवायला आलं तर नमस्कार करून दार लावून घ्या.

कॅथलिक असाल तर हे सगळं पापनिवेदनाच्या वेळी फादरांपुढे बोलता येतं. ते कोणाला सांगत नाहीत, तसं त्यांना बंधनच आहे. आम्हा प्रॉटेस्टंटांना मात्र माणूस स्वतः निवडावा लागतो, म्हणून तो जपून निवडा.

६. पुन्हा उसळलं की काय करायचं

उसळणारच. लेथचा आवाज, एखादं आडनाव, जुनी पावती, काहीही पुरतं. माझ्या बाबतीत तो टेम्पो होता. मशीन ज्या टेम्पोतून नेल्या तसल्या रंगाचा टेम्पो सायबर चौकात समोर आला की हात थरथरायचे. अशा वेळी 'म्हणजे माझी क्षमा खोटीच होती' असं मन सांगतं. तेव्हा वही काढा, तारीख बघा आणि म्हणा, हे मी या दिवशी सोडलं आहे. नवा निर्णय घ्यायचा नाही, जुन्यावर बोट ठेवायचं. पेत्राने येशूला सात वेळा क्षमा करू का विचारलं आणि 'साताच्या सत्तर वेळा' हे उत्तर मिळालं. ते मी बरेच दिवस नव्या नव्या अपराधांबद्दल समजत होते. एकाच अपराधालाही तितक्या वेळा लागू शकतं, हे अनुभवाने कळलं.

त्याचबरोबर त्याच्यासाठी प्रार्थना सुरू करा. लांबलचक नको. 'देवा, त्याचं भलं कर' एवढंही सुरुवातीला तोंडातून निघत नाही. 'देवा, त्याला सत्य दिसू दे' यापासून सुरू करा, ते सगळ्यांना जमतं. पुढे त्याच्या मुलांसाठी मागा, तब्येतीसाठी मागा. आणि गोष्ट नव्या माणसाला सांगणं बंद करा. ज्याला माहीत असायला हवं त्याला माहीत आहे. 'प्रार्थना विनंती' म्हणून चार घरी तीच हकिगत सांगणं आपल्या मंडळ्यांत फार चालतं. त्याने सोडलेली नोंद दर वेळी पुन्हा लिहिली जाते.

झोप उडाली, जेवण तुटलं, जगावंसं वाटेना, तर हा आजार आहे, विश्वास कमी पडलेला नाही. टेली मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मनोविकारांचे डॉक्टर आहेत. मी गोळ्या घेतल्या, प्रार्थनाही केली, दोन्हींची भांडणं झाली नाहीत.

७. कागद आणि कायदा

इथे लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून सावकाश वाचा. क्षमा तुमच्या आणि देवाच्या मधली, मग तुमच्या आणि त्या माणसाच्या मधली. खटला, फिर्याद, वाटणी हे वेगळं खातं आहे. रोमकरांच्या बाराव्या अध्यायात 'सूड घेऊ नका' लिहून पौल लगेच तेराव्यात अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. स्वतः पौलाने फिलिप्पैत बेकायदा फटके मारणाऱ्या अधिकाऱ्यांना "आता स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या" असं सुनावलं होतं.

आपल्या देशातलंच उदाहरण घ्या. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, यांना गाडीत जिवंत जाळलं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं. खटला मात्र चालला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. त्यांच्या क्षमेत त्याने काही उणं आलं नाही.

घरच्या प्रकरणात फाईलमध्ये काय हवं: मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद, सातबारा आणि आठ-अ, शहरातलं घर असेल तर प्रॉपर्टी कार्ड, फेरफार, भागीदारीचा करार, बँकेची स्टेटमेंट, आणि ज्यात कबुली आहे असे मेसेज. मेसेज रागात पुसू नका. उसन्या पैशाच्या वसुलीला साधारण तीन वर्षांची मुदत असते. 'आधी मन शांत होऊ दे' म्हणता म्हणता ती निघून जाते, म्हणून ही पायरी वहीच्या बरोबरीने चालवा.

विधवा भगिनींनी हे पाठ करून ठेवावं: ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे एक तृतीयांश विधवेचं, उरलेलं मुलांचं, मुलगा-मुलगी सारखे. मुलं असताना दिराचा त्यात वाटा नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कार्यालय जिल्हा न्यायालयात असतं, फोन १५१००. महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

आता सापळा. समेटाची प्रार्थना झाली, डोळे पुसून झाले, चहा आला, आणि त्याच टेबलावर हक्कसोडपत्र येतं. "क्षमा केलीस ना, मग सही कर की." अशा दिवशी कशावरही सही करू नका. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मागे घ्यायला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. वाटा सोडायचाच असेल तर महिन्याभराने, वकिलाला दाखवून, शुद्धीवर असताना सोडा. मी माझा दावा लावला. पुढे कोर्टाच्या मध्यस्थीत काही रक्कम मिळाली, उरलेली सोडली. ती सोडल्याचं वहीत आहे आणि तडजोडीच्या कागदावरही.

८. भेटायचं का

क्षमा एकट्याने होते. समेटाला दोघं लागतात, आणि दुसऱ्याला पश्चात्ताप असावा लागतो. लूक १७:३ मध्ये तसं स्पष्ट आहे: त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. ज्या भावांनी विकलं ते समोर येताच योसेफाने ओळख दिली नाही. धान्य दिलं, पण धाकट्या बन्यामिनाच्या बाबतीत ते कसे वागतात ते पाहिलं, त्यांतला यहूदा स्वतः गुलाम व्हायला पुढे आला तेव्हा योसेफ रडला. दावीदाने गुहेत शौलाचा जीव घेतला नाही, शौल रडला, "माझ्या मुला" म्हणाला. आणि अध्यायाचं शेवटचं वाक्य बघा: शौल घरी गेला, दावीद आपली माणसं घेऊन गडावर गेला.

पश्चात्ताप ओळखायचा कसा? तो काय केलं त्याचं नाव घेतो, 'काही चुकलं असेल तर' म्हणत नाही. परत करता येईल ते परत करतो, बायबलमधला जकातदार जक्कय चौपट द्यायला निघाला होता. आणि तुम्हाला किती दिवसांत बरं वाटायला हवं याची मुदत तो ठरवत नाही. "मन दुखावलं असेल तर सॉरी" एवढा मेसेज आणि हात जोडल्याचं चित्र आलं तर 'मिळालं' एवढं उत्तर द्या.

भेटायचं ठरलं तर तिसऱ्या जागी भेटा, पाळकांच्या घरी किंवा चर्चच्या ऑफिसात. सोबत तुमचा माणूस असू दे. वहीतल्या दोन-तीनच नोंदी सांगा. अर्ध्या तासात उठा. मारहाणीच्या किंवा अत्याचाराच्या प्रकरणात भेटायचं बंधन तुमच्यावर कोणीही घालू शकत नाही.

लग्नसमारंभातला समेट टाळा. माझ्या पुतणीच्या लग्नात तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या रांगेत मी वाटी घेऊन उभी होते, तेवढ्यात कोणीतरी दिराला हाताला धरून आणलं. "वयनी, आज शुभ दिवस, एकमेकांना घास भरवा!" फोटोवाला तयार. मी वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "भावजी, जेवून घ्या. आपण पाळकसाहेबांकडे बोलू." ते गेले. पुढे खरोखर बोललो, पाळकांच्या व्हरांड्यात, आणि सहीबद्दल त्यांनी मान्य केलं. अंगणातल्या बोलण्याबद्दल अजून केलेलं नाही.

पूर्ण समेट होतो का? होतो. मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांचा १९९५ मध्ये खून झाला. २००२ मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. पुढे तो सुटला आणि त्या घराशी नातं ठेवून राहिला. मी हे उदाहरण नवख्यांना मुद्दाम शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तेच माप होऊन बसतं आणि आपली दोन सोडलेली वाक्यं खुजी वाटतात.

९. मंडळीत आणि घरात

चर्चमध्ये रोजची रीत ठरवून टाका म्हणजे दर रविवारी पोटात गोळा येणार नाही. सलाम करायचा, तब्येत विचारायची, पैशाचं बोलणं करायचं नाही. एवढं पुरतं. प्रभुभोजनाच्या रविवारी मत्तय ५:२३-२४ आठवून काही जण मेजापासून दूर बसतात. तिथे म्हटलं आहे की 'तुझ्या भावाचं तुझ्याविरुद्ध काही असलं तर'. तुमचं त्याच्याविरुद्ध आहे आणि तुम्ही ते सोडायच्या वाटेवर आहात, तर मेजाजवळ या.

साक्ष द्यायची, म्हणजे मंडळीपुढे उभं राहून आपला अनुभव सांगायची, घाई करू नका. "सिस्टर, तुमची क्षमेची साक्ष द्या" असा आग्रह होतो. साक्षीत त्याचं नाव निघालं, किंवा न काढताही सगळ्यांना कळलं, तर ती चर्चच्या अंगणातली चर्चाच झाली.

मुलांना खरं सांगा, वयाला झेपेल तेवढं. "काकांनी चूक केली, मोठी चूक. आईने तिच्यापुरती सोडली. तू तुझ्या वेळेला ठरव." त्यांना चुलत भावंडांकडे जाऊ द्या, ती भावंडं कोणाची देणेकरी नाहीत. मुलं विचारतात, "मग आपण काकांना पैसे उसने देणार का?" नाही. "त्यांना बरं नसलं तर डबा नेणार का?" हो. मागच्या पावसाळ्यात भावजी आजारी पडले तेव्हा मी डबा केला, थोरला घेऊन गेला. धाकटी म्हणाली, मी येणार नाही. मी तिला आग्रह केला नाही.